पावलांतला चिखल

डिसेंबर लागला की आमच्या बिल्डिंगमागच्या शाळेचा स्पीकर घसा साफ करतो. आधी खरखर, मग "हॅलो, हॅलो, चेक", मग कुणीतरी माइकवर तीनदा फुंकर मारतं. माइकवर फुंकर मारणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. एवढी शिकलेली माणसं, पण माइक दिसला की तो गरम चहा असल्यासारखी फुंकतात. तर, गॅदरिंगचा सीझन सुरू झालेला असतो. ठाकुर्लीत थंडी म्हणजे सकाळी आठपर्यंतची स्वेटरची हौस, पण या दिवसांत हवा कोरडी होते आणि खालचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत स्वच्छ येतो. मी ओट्याशी चहा गाळत असते आणि खाली पीटीचे सर ओरडत असतात, "ए शेवटची, मागे पडतेस तू. पुढच्यांचे पाय बघ."

यंदा हे ऐकलं आणि गाळणं हातातच राहिलं. चहा गार झाला. मला दुसरीच एक शेवटची आठवत होती.

मी साउंड करते. असं सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे गाता का? नाही हो, गात नाही. नाटकात दार वाजतं, पाऊस पडतो, कुकरची शिट्टी होते, ते सगळं कुणीतरी आधी गोळा केलेलं असतं. ते गोळा करणारी मी. लग्नाच्या व्हिडिओंपासून जाहिरातींपर्यंत सगळं केलंय. वीस वर्षांत माझ्यामुळे प्रयोग अडला असं कुणी म्हणू शकलेलं नाही, आणि या गोष्टीचा मला माज होता. होता म्हणजे, त्या डिसेंबरपर्यंत होता.

माझी कॉलेजपासूनची मैत्रीण केतकी डोंबिवलीत नाच शिकवते. तिने त्या वर्षी लहान मुलांसाठी चाळीस मिनिटांचा एक नाच बसवलेला, शाळाशाळांतून फिरवायचा. विषय मीठ. शब्द नाहीत, गाणं नाही. पाच नाचणाऱ्या मुली आणि माझे आवाज: भरतीचं पाणी, बगळे, उन्हात तडतडणारं मीठ, ते ओढायची लाकडी फळी. आणि मधोमध पावलं. मिठागरात पाणी घ्यायच्या आधी वाफ्याची जमीन पायांनी तुडवून घट्ट करतात, नाहीतर मिठात माती येते. माणसं ओळीने उभी राहून तासन्‌तास तुडवतात. केतकीला वाटलं, हा तर नाचच आहे. तिला ते सुचलं प्रणालीमुळे.

प्रणाली त्या पाच जणींतली सगळ्यात उशिरा आलेली. वय एकोणीस. घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या मागे, खाडीकडे उतरणाऱ्या एका गावातली. बाकीच्या चौघी लहानपणापासून केतकीकडे शिकलेल्या, हिचं शिक्षण हळदी-समारंभातलं आणि नवरात्रातलं. पण तिच्या आजोबांनी, जनूबाबांनी, अर्धं आयुष्य मिठागरात काढलेलं, आणि लहानपणी त्यांच्या खांद्याला धरून ही तुडवायला जायची. केतकीने तिला घेतलं ते त्या पायांसाठी.

आवाज घ्यायला आम्ही नोव्हेंबरात गावात गेलेलो. मिठागर आता राहिलेलं नाही. बांधाचा एक तुकडा, झुडपं, आणि पलीकडे एवढ्या उंच इमारती की मान दुखते. जनूबाबांनी लुंगी गुडघ्यावर खोचली आणि खाडीच्या चिखलात उतरले. प्रणालीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी माइकला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून बांधावर उकिडवी बसले.

"बोलायचा नाय ना मधी?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. फक्त चाला."

चालले. एक पाय धप्प पडायचा, दुसरा जरा रेंगाळून. मधे चिखलाचा एक ओला, चोखल्यासारखा आवाज. वीस मिनिटं दोघं चालत होते आणि एकदाही एकमेकांकडे बघत नव्हते. खाऱ्या चिखलाचा वास, मागून कुठून तरी येणारा ड्रिलिंगचा आवाज, आणि हे चार पाय. मला वाटलं, हे काहीतरी फार चांगलं हाताला लागलंय. त्या वाटण्यात खोट नव्हती.

घरी येऊन लॅपटॉपवर ऐकलं. पावलं एकसारख्या अंतरावर पडत नव्हती. दुसरा पाय दर वेळी मागे. वयस्कर माणूस, थकले असतील, असं मी मनात म्हटलं. आमच्याकडे एक सोय असते. तालाच्या रेषा पडद्यावर आखलेल्या असतात आणि एक बटण दाबलं की मागेपुढे पडलेला प्रत्येक ठोका उचलून जवळच्या रेषेवर बसवला जातो. लग्नातल्या ढोलांना मी हे करते, जाहिरातीतल्या टाळ्यांना करते. विचारसुद्धा करत नाही. हात आपोआप गेला. मधला तो ओला आवाज नको तिथे यायला लागला म्हणून तोही पुसला. मग ऐकलं तर काय, एकदम खणखणीत. कवायतीसारखं.

केतकीला मी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नाही. भाजी निवडली हे कोण सांगतं?

पहिला प्रयोग कल्याणच्या एका शाळेत झाला. पोरं मांड्या घालून सतरंजीवर, समोर पाच जणी. पावलं सुरू झाली तशी पोरांची कुजबुज थांबली. केतकीने नंतर माझा हात दाबला. "मेधा, तुझ्या पावलांनी जागेवर खिळवलं गं त्यांना." मी खूश. आणि लगेच दुसऱ्या दमात, "फक्त प्रणाली मागे पडत होती. बघितलंस ना?"

बघितलेलं. पाच जणींची ओळ, चौघींचे पाय एकदम, आणि शेवटच्या टोकाला हिचा पाय एक श्वास उशिरा. एकदा लक्षात आलं की नजर तिकडेच जाते. केतकी तालमीत तिच्याकडून ते सारखं करून घेत राहिली. टाळ्या वाजवून, आकडे मोजून. प्रणाली ओठ चावून करायची. पाच-सहा वेळा जमायचं, मग पाय पुन्हा आपल्या वाटेने जायचा. एकदा पाणी प्यायला माझ्या टेबलाशी आली तेव्हा म्हणाली, "ताई, घरी गच्चीवर आज्याबरोबर करते तेव्हा बरोब्बर पडतं. इथे काय होतं तेच समजत नाही. माझंच डोकं खराब आहे बहुतेक."

मी म्हटलं, "होईल गं." दुसरं काय म्हणणार?

आणि मग डोंबिवली. सकाळी साडेसातला आम्ही शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर वर्ग भरायचे होते, हॉलमध्ये फिनेलचा वास. प्रणाली सगळ्यांच्या आधी येऊन एकटीच रंगमंचावर पाय सैल करत होती. मी स्पीकर तपासायला पावलं लावली. घाईत जुनी फाइल उघडली गेली, बांधावर घेतलेली, जशीच्या तशी. हॉलमध्ये चिखल वाजला. मी बंद करायला हात नेला आणि सहज वर बघितलं.

तिचा प्रत्येक पाय त्या आवाजात पडत होता. कुठे एक केसभर फरक नाही. डोळे मिटलेले, हात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा. मिनिटभर चालली असेल. मग थांबली आणि एवढी हसली की काय सांगू. "ताई, आज पडलं ना बरोबर?"

"हो," मी म्हणाले, आणि फाइल बंद केली.

काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलेलं. ही पोर उशिरा नव्हतीच. तिच्या पायाखालची जमीन मी काढून घेतलेली आणि सगळे तिलाच सांगत होते, नीट उभी राहा. तेव्हाच केतकीला हाक मारायची होती. मी मनाशी हिशोब मांडला, की बाकीच्या चौघींचे पाय आता सरळ तालावर बसलेत, अर्ध्या तासात पोरं हॉलमध्ये येतील, आज नको, उद्या बघू. यातलं सगळं खरं होतं. त्याखाली आणखी एक खरं होतं ते मी बघत नव्हते: मेधाची चूक निघाली, हे वाक्य मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

प्रयोगात मी सरळ पावलं लावली. ती मागे पडली. पडद्याआड येऊन भिंतीला टेकली आणि म्हणाली, "सकाळी पडलेलं ओ." कुणालाच उद्देशून नाही.

मग पुन्हा कल्याण, दुसरी शाळा. मग ठाणे. मी रोज ठरवायचे आणि रोज गिळायचे. त्या पंधरवड्याचे वास अजून नाकात आहेत. पोरांच्या जरीच्या ड्रेसांतल्या डांबरगोळ्या, खाऊच्या पाकिटांतले गार सामोसे, रंगमंचावर कालच्या कार्यक्रमाचा सुकलेला झेंडू. एरवी मला हा सगळा पसारा फार आवडतो. त्या वर्षी कधी एकदा घरी जाते असं व्हायचं. कन्सोलवर बोट ठेवून मी तिच्या पायाकडे बघायचे आणि प्रत्येक ठोक्याला वाटायचं, पकडली जाणार आता मी. पकडली जायची तीच.

ठाण्याला जाताना शीळफाट्याला अडकलो. टेम्पोत पुढे ड्रायव्हर, मी, केतकी. मागे सामान आणि मुली. पाऊण तास गाडी जागची हलेना. कंटेनरांच्या मधे आमचा टेम्पो म्हणजे अगदीच केविलवाणा. आठला पोहोचायचं होतं, आठ वाजून गेलेले. केतकी फोनवर मुख्याध्यापकांना "निघालोच, पोहोचतोच" करत होती. फोन ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "प्रणालीला काढावं लागणार गं. क्लासमधली सई तिच्या जागी तयार आहे. गावातला प्रयोग प्रणालीला करू देते, तिची माणसं येतील. त्यानंतर नाही."

मी समोरच्या कंटेनरचं मागचं दार बघत राहिले. त्यावर 'अंतर ठेवा' लिहिलेलं.

"मलाही वाईट वाटतंय," केतकी म्हणाली. "पण मुलं हसायला लागलीत तिला. कल्याणला एक पोरगा बोट दाखवत होता. तुला काय वाटतं?"

"तुझं तू ठरव," मी म्हणाले.

आयुष्यात मी बरंच खोटं बोललेय, सगळेच बोलतात. पण या तीन शब्दांइतकी लाज मला कशाची वाटलेली नाही. मागे मुली अंताक्षरी खेळत होत्या, आणि त्यात प्रणालीचा आवाज सगळ्यात मोठा होता. ठाण्याच्या प्रयोगानंतर केतकीने तिला बाजूला घेऊन सांगितलं. परतीच्या वाटेवर तिचा आवाज मी ऐकला नाही.

गावातली शाळा म्हणजे बैठी इमारत, पुढे फरसबंद अंगण, अंगणात मांडव. सकाळच्या मुलांसाठी एक प्रयोग, दुपारच्या मुलांसाठी एक. प्रणालीने घरी काही सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या आईच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं; बाई नवी साडी नेसून आलेली. जनूबाबा पांढरा शर्ट, टोपी घालून पहिल्या ओळीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, भोवती पहिलीतली पोरं. आपल्या पायांचा आवाज ऐकायला आलेले ते. शेजारच्या पोरांना तसं सांगतही होते.

पावलं सुरू झाली. मी मुलींकडे बघायचं टाळून बाबांकडे बघत होते. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. मग खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग नातीकडे. ती मागे पडत होती, आणि तिच्याच गावातली पोरं तोंडावर हात ठेवून खिदळत होती. बाबा हसत नव्हते.

प्रयोग संपला तसे ते सरळ माझ्या टेबलाशी आले. केतकी तिथेच बाटलीतून पाणी पीत उभी होती.

"बाय, ते पाय माजे नाय."

"तुमचेच आहेत बाबा. तुमच्याकडेच तर घेतले."

"माजे नाय." त्यांना राग आलेला नव्हता, समजावून सांगत होते. "चिखलान पाय टाकला का तो लगेच सुटत नाय. चिखल धरून ठेवतं. सोरवायला येल लागतं. तुमी चिखलच काढून टाकला. ते पाय फरशीवर चालतान." मग केतकीकडे वळून म्हणाले, "तुमच्या चार पोरी फरशीवर चालतान. आमची एकटी चिखलान चालते."

केतकीने बाटली खाली घेतली. "मेधा?"

इथे तरी मी काहीतरी तांत्रिक बोलू शकले असते. बाबांना कळलं नसतं आणि केतकीने विश्वास ठेवला असता. मी लॅपटॉप केतकीकडे वळवला. मग सांगितलं. बटण, रेषा, पुसलेला ओला आवाज, सगळं.

"म्हणजे प्रणाली..."

"बरोबर होती. पहिल्या दिवसापासून."

केतकीने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. बोलली तेव्हा आवाज अगदी सपाट होता. "जुनं आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"लाव दुपारी." आणि मुलींकडे गेली. ती त्यांना काय म्हणाली ते मला इतक्या लांबूनही ऐकू आलं: "आकडे विसरा. आज प्रणालीचे पाय बघायचे. ती सांगेल तेव्हा पाय पडेल."

तालीम नाही, काही नाही. दुपारची पोरं येऊन बसली, त्यात सकाळची काही पुन्हा घुसलेली. लॅपटॉपवर दोन फाइली शेजारी शेजारी. पावलांची जागा आली आणि मी जुनी दाबली.

पहिले काही ठोके भयंकर गेले. चौघी पुढे पडल्या, अडखळल्या, एकीचा तोल गेला. प्रणाली मात्र थांबली नाही. तिने शेजारणीचा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला. तिने तिच्या शेजारणीचा. अशी ओळ जुळली. आणि मग पाच जणींचा दुसरा पाय एकदम रेंगाळला, सुटला, पडला.

समोर जनूबाबांच्या चपला खुर्चीखाली होत्या आणि पाय फरशीवर चालू लागलेले. त्यांचं बघून शेजारचा एक पोरगा, मग अख्खी ओळ, मग मागची. दोनशे पोरं बसल्या जागी तुडवत होती, रेंगाळून, जसं हवं तसं. मी आवाजाची पट्टी हळूहळू खाली ओढत नेली. शेवटी माझ्याकडून काहीच वाजत नव्हतं आणि मांडवात पावलं चालू होती. मी रडले. टेबलाखाली वायर शोधायचं नाटक करून रडले.

प्रयोगानंतर प्रणाली अंगणातल्या नळावर पाय धूत होती. मी जाऊन उभी राहिले. सॉरी म्हणायचं तोंडात तयार होतं. तिने नळ बंद केला.

"ताई, त्या दिवशी डोंबिवलीला मला बरोबर पडलेलं. तेव्हा हेच लावलेलं ना?"

"हो."

"तेव्हाच कळलेलं तुम्हाला?"

"हो."

ती ओल्या पायांकडे बघत राहिली. "डोंबिवली, कल्याण, ठाणे," ती म्हणाली. "तिन्ही वेळा मी घरी जाऊन स्वतःच्या पायांना मारलंय, ताई. हाताने." मग ओढणीने पाय पुसले आणि आजोबांकडे गेली.

तिला काढलं नाही. पुढचे सगळे प्रयोग त्या चिखलातच झाले. केतकी माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलली, नंतर निवळली. प्रणाली अजूनही भेटते, हसते, "ताई, मॉनिटरचा आवाज जरा वाढवा" म्हणते. त्याच्या पलीकडे एक शब्द नाही. मी रागवत नाही. काय म्हणून रागवणार?

गार चहा बेसिनमध्ये ओतून मी गॅलरीत आले. खाली मैदानात पोरांच्या आठ ओळी. एकच स्पीकर, तोही पार पुढे, सरांच्या खुर्चीशेजारी. शेवटच्या ओळीत टोकाला दोन वेण्यांची एक मुलगी, आणि खरंच तिचा पाय सगळ्यांच्या मागून पडत होता. सर पुन्हा ओरडले. पोरगी कावरीबावरी झाली, तरी पाय तसाच. मी नीट बघितलं. तिच्या ओळीतल्या बाकीच्या मुली पुढच्यांचे पाय बघून नाचत होत्या. ही एकटीच गाणं ऐकत होती. आणि एवढं मैदान ओलांडून तिच्यापर्यंत यायला आवाजाला थोडा वेळ लागतो. थोडाच, पण पाय मागे दिसायला पुरेसा.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. गाऊनवर ओढणी घेतली, चपला सरकवल्या आणि निघाले. शाळेच्या फाटकातून वॉचमन "ओ मॅडम, मॅडम" करत मागे आला. सरांनी शिटी तोंडातून काढली.

"तुम्ही कुणाच्या पालक?"

"कुणाचीच नाही. मी साउंडवाली, मागच्या बिल्डिंगमधली. सर, ती शेवटची मुलगी बरोबर आहे. तुमचा स्पीकर लांब आहे. एक मागे लावा, नाहीतर माझ्याकडचा देते."

सर माझ्या गाऊनकडे बघत राहिले. शेवटच्या ओळीतली ती मुलगीही बघत होती. मला धाप लागलेली, पण बोलून झालेलं. चार जिने उतरायला लागले, तेवढाच उशीर झाला या वेळी.